सोळा ऑगस्टची शाल

मी चिमूर सोडलं तो दिवस सोळा ऑगस्टचा होता. दुसरा दिवस निवडायला हवा होता, पण सिकंदराबादच्या दवाखान्याने रुजू व्हायची तारीख दिली होती आणि बल्लारशाहून गाडीचं तिकीट त्याच रात्रीचं मिळालं होतं. गावात सगळीकडे पताका, लाऊडस्पीकर, शाळांच्या रांगा. पंधराला देशाचं स्वातंत्र्य आणि सोळाला आमचं. चिमुरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं: बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाने सरकार झुगारलं आणि देशाच्या पाच वर्षं आधी, थोडेच दिवस का होईना, इथे तिरंगा फडकला. मग फौज आली.

चंद्रपूरची एसटी मिरवणुकीमुळे स्टँडच्या बाहेरच अडकली होती. बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला कागदी झेंडा. आमची पिठाची गिरणी वर्षातून तीन दिवस बंद असायची, त्यातला हा एक. माझे आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, बेचाळीसात जेलात गेलेले. त्यामुळे मिरवणुकीत पहिल्या रांगेत चालायचा बाबांचा हक्क होता. त्या दिवशी ते माझ्यासाठी थांबले, कान मात्र ढोलाकडे.

"तुमी जा बाबा, मी बसतो गाडीत," मी म्हटलं. आमच्याकडे मुलीही 'बसतो'च म्हणतात. सिकंदराबादला हे कळायला कोणी नव्हतं.

"जातो ना. मिरवनूक काय दरसालची हाये. तू काय दरसाल जानार हायेस?"

घरून निघताना मी पारबता आत्याच्या पाया पडले होते. ती आबाजींची धाकटी बहीण. बाबा तिला आत्या म्हणायचे, म्हणून मीही आत्याच म्हणायचे. लग्न झालेलं नव्हतं. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची, तांदूळ निवडायची, कोंबड्या सांभाळायची, आणि सोळा ऑगस्टला खोलीबाहेर पाऊल टाकायची नाही. लहानपणी मला वाटायचं तिला ढोलाचा आवाज सहन होत नसेल. त्या सकाळी तिने माझ्या हातात भाजलेल्या लाखोळीच्या डाळीचं गाठोडं ठेवलं आणि विचारलं, "होस्टेलातल्या खोलीले अंदरून कडी हाये ना?"

"असंल ना आत्या."

"असंल नोको म्हनू. पाहून घेजो."

मी हसले. नर्स होऊन निघालेल्या पोरीला कोणी पगार विचारत होतं, कोणी जेवणाचं विचारत होतं. कडीचं विचारणारी ती एकटीच.

सिकंदराबादने मला लवकर आपलंसं केलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या महिन्यातच 'नोप्पी उंदा?' म्हणजे 'दुखतंय का?' हे विचारायला शिकले आणि त्यावर माझं निम्मं आयुष्य निघालं. ड्यूटी, ओव्हरटाइम, मेसचा सांबार. लग्न इथल्याच लॅब टेक्निशियनशी ठरलं, तेही नागभीडकडचे निघाले. लग्नासाठी घरी गेले तेव्हा माय आणि मी अंगणात हळद कुटत होतो. मी सहज विचारलं, आत्याचं लग्न का नाही झालं? माय थांबली. आत्या कुठे आहे ते तिने आधी मान वळवून पाहिलं.

"स्थळं येत होती म्हने. ब्रह्मपुरीचं आलं, नागभीडचं आलं. पोरगी पाहाची, पसंत कराची, मंग हळूच विचाराची, बयालीसात पोरगी चिमुरातच होती काय? होती म्हटलं का उठून जाची."

"काऊन?"

"काऊन काय विचारतेस? मानसं सारी पकडून नेली होती. घरात बायाच राह्यल्या होत्या." मग ती मुसळ उचलून म्हणाली, "आता इचारू नोको काही."

मी विचारलं नाही. माझं वय तेव्हा कळायचं होतं, कळलं. आत्या त्या वेळी सोळा वर्षांची असेल. शाळेत आम्ही बेचाळीसची सगळी गोष्ट पाठ केली होती. कोण पुढे होतं, कोणाला गोळी लागली, कोणाला शिक्षा झाली. त्या गोष्टीत बायका ओवाळायला होत्या. पुरुषांना नेल्यानंतर गावात काय झालं, हे आमच्या धड्यात एका ओळीत यायचं. अत्याचार झाले. त्या शब्दावर आम्ही पोरी खाली बघायचो आणि बाई पुढचं पान उलटायच्या.

तुम्ही चिमूरचे जे अजून तिथे आहात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, भिलाईला गेलात, त्यातल्या पुष्कळांना पुढचं आठवत असेल. आमच्या वस्तीत एक नवं मंडळ निघालं होतं. मंडळाने चौकात छोटासा स्तंभ बांधला, त्यावर वस्तीतल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरली. आबाजींचं नाव होतं. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सोळा ऑगस्टच्या उद्घाटनाला त्यांच्या वतीने सत्कार कोणाचा करायचा, तर बहिणीचा. मंडळाचे अध्यक्ष सुधाकरभाऊ घरी आले. मी त्या वेळी सुट्टीवर आले होते, चहा मीच दिला.

"आत्याबाई, तुमी फक्त बसाचं. बोलाचं काम नाई."

"मी नाई येत," आत्या म्हणाली.

सुधाकरभाऊंनी बाबांकडे पाहिलं. बाबांना तो सत्कार मनापासून हवा होता. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्या घरात एवढं जुनं माणूस आहे, गावाने तिला एकदा खुर्चीवर बसवावं, एवढंच. ते आत्याच्या खाटेजवळ उकिडवे बसले. "आत्या, एक डाव चाल. तू गेल्यावर तुले कोन ओळखन? लोकं पाहातीन तरी तुले."

ह्या पोराला तिने खांद्यावर खेळवलं होतं. ती म्हणाली, "तुह्यासाठी येतो."

सोळाला सकाळी तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. मी तिला हाताला धरून चौकापर्यंत नेलं. इतक्या वर्षांत त्या तारखेला ती प्रथमच उंबऱ्याबाहेर पडत होती. मांडवात लाल खुर्च्या, समोर शाळेची मुलं, कडेला बायका. भाषणं झाली. एक पाहुणे बोलले की या मातीच्या कणाकणात पराक्रम आहे. मग आबाजींचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, आणि आत्याच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ. फोटो काढणारा म्हणत होता, आजी इकडे बघा.

आत्याने सुधाकरभाऊंच्या हातातला माईक मागितला. त्यांना वाटलं आशीर्वाद देईल. त्यांनी दिला.

"मानसं नेली तवा घरात आमी बाया होतो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण लाऊडस्पीकरने मोठा केला. "दरवाजे लावले होते. त्यायनं तोडले. चार-चार जन घरात आले. मंग मानसं जेलातून परत आली. हार घातले त्यायले. माह्या भावालेबी घातला. आमाले कोनी काही इचारलं नाई. भावानंबी नाई इचारलं, मरेपर्यंत." मग ती शालीचा काठ बोटांनी चाचपत म्हणाली, "तर मंग हे शाल कायची होय? भावाची का माही?"

कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघी-तिघींनी पदर तोंडावर ओढला होता. त्या रडत होत्या की लाजत होत्या, मला इतक्या जवळूनही कळलं नाही. सुधाकरभाऊ पुढे आले, माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "आत्याबाईंच्या भावना अनावर झाल्या." त्यांनी हात केला तसं साउंडवाल्याने देशभक्तीचं गाणं लावलं. मुलांना चॉकलेट वाटायला सुरुवात झाली.

घरी येऊन आत्याने तोंड धुतलं, चहा मागितला, दोन कप प्यायली. मला वाटलं तिला आता मोकळं वाटेल. वर्तमानपत्रातल्या पुरवण्यांत असंच लिहिलेलं असतं, बोललं की माणूस हलकं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाळलं. ज्यांच्या सासवा, आज्या तेव्हा गावात होत्या, त्यांना भीती वाटली की आता लोक घराघरांचा हिशेब करतील. एक शेजारीण मायला म्हणाली, "म्हातारीनं साऱ्यायले उघडं पाडलं." आत्याने ते ऐकलं. त्यानंतर ती अंगणातही बसेनाशी झाली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मला रजा मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मग बाबांनी एक काम हातात घेतलं. स्तंभावर आबाजींच्या नावाखाली आत्याचं नाव कोरायचं. नुसतं नाव, पुढे काही नाही. ते मंडळाकडे गेले. पहिल्यांदा चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यांदा सांगितलं की जेलात गेल्याचा किंवा शहीद झाल्याचा पुरावा असेल त्याचंच नाव लागतं. हे बाबांनी मला फोनवर सांगितलं.

"मी म्हटलं, जेलात कायले जाईन ते? जेलच तिच्या घरात आला होता."

"मंग काय म्हनाले?"

"एक पोरगा म्हने, काका, घरची गोष्ट चव्हाट्यावर काऊन आनून राह्यले? इज्जतीचा सवाल हाये. मी म्हटलं, कोनाच्या इज्जतीचा? तर सारे मोबाईल पाहू लागले."

बाबा जात राहिले. कधी एकटे, कधी मायला घेऊन. कोणी त्यांना हाकललं नाही, अपमान केला नाही. लोक उठून खुर्ची द्यायचे, पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणायचे. मग मंडळातच भांडणं झाली, सुधाकरभाऊ निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, मंडळ बंद पडलं. रस्ता रुंद करताना स्तंभ उचलून एका कोपऱ्यात ठेवला. आता त्याच्यापुढे जंगल सफारीच्या रिसॉर्टचा मोठा बोर्ड आहे, त्यावर वाघाचं तोंड. आबाजींचं नावही वाचता येत नाही. बाबांनी एकदा मागे जाऊन पाहिलं, तिथे कोणी लघवी केलेली होती. त्यानंतर त्यांनी तिकडे जाणं सोडलं. गिरणी आधीच विकली होती. माय गेली आणि मी त्यांना इथे घेऊन आले.

आता ते आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लिफ्ट वापरायला शिकले, वॉचमनशी मोडक्या हिंदीत बोलतात. गेल्या पंधरा ऑगस्टला असोसिएशनचे सेक्रेटरी वर आले. कुठून तरी त्यांना कळलं होतं. म्हणाले, अंकल, आप फ्रीडम फायटर फॅमिली से हैं, फ्लॅग आपही होइस्ट कीजिए. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नहीं साहब. मेरे घुटने में दर्द है." खाली झेंडावंदन झालं, इडली-वडा झाला, सेल्फी निघाले. बाबा टीव्ही न लावता बसून होते.

मी ताट घेऊन गेले. विचारलं, "बाबा, गावाची आठवन नाई येत?"

"येते ना. रोज येते." त्यांनी इडली कुस्करली, खाल्ली नाही. "मीच नेलं तिले तिथी. खोलीत होती तर सुखानं मरली असती."

"तुमी चांगल्यासाठीच नेलं."

"हव. पन चांगलं झालं काय?"

मी वीस-पंचवीस वर्षं आजारी माणसांच्या नातेवाइकांना धीर देत आले. कोणत्या वेळी कोणतं वाक्य बोलायचं ते मला झोपेतही येतं. त्यातलं एकही तिथे चालण्यासारखं नव्हतं. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "माही राख आपल्या गावच्या उमा नदीत नेऊ नोको. इथीच कुठी टाकून देजो." मी मान डोलावली.

चिमूरचं घर भाड्याने दिलंय, मोबाईल रिचार्जवाल्याला. आत्याच्या खोलीत तो खोकी ठेवतो. मी तिकडे जाऊन तीन वर्षं झाली. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मला काही छान सुचत नाही. इथे नवीन डॉक्टर येतात, मला मराठी बोलताना ऐकून खूश होतात आणि विचारतात, सिस्टर, मूळ गाव कोणतं? आधी मी चिमूर सांगायचे. मग समोरच्याचा चेहरा उजळायचा, तो म्हणायचा, अरे वा, क्रांतिभूमी! आणि अभिमान वाटत असेल ना म्हणून विचारायचा. हातात सलाईनची बाटली असायची, पेशंट वाट बघत असायचा, मला हसून हो म्हणावं लागायचं.

आता मी चंद्रपूर सांगते. त्यावर कोणी काही विचारत नाही.