कॅलेंडरामागची भेग

जाहिरात मीच लिहिली. ‘तीन खोल्या, ओसरी, बोअरचं पाणी, अंगणात कढीपत्ता. राहायला तयार घर विकणे आहे.’ ‘राहायला तयार’ लिहिताना हात अडखळला होता, खोटं कशाला सांगू? पण लिहिलं.

हिंगणीहून अर्ध्या तासावरचं आमचं तालुक्याचं गाव. तिथं माझ्या बाबांनी बांधलेलं हे घर, आणि त्याच्या मागच्या खोलीखाली विहीर. मी सातवीत असताना अंगणात बोअर लागली आणि बाबांनी विहीर बुजवायला काढली. विहिरीत मुरूम टाकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मुरूम टेकडीवरून आणायचा आणि काळी माती घरच्या वावरातली. “वावरात माती का कमी हाय?” म्हणत बाबांनी ट्रॅक्टरनं तीच ओतली, आणि दोन पावसाळ्यांनी वर खोली उठवली.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. होळी झाली की त्या खोलीच्या भिंतीला भेग पडायची. वैशाखात माझा हात आत जायचा. पावसाळ्यात ती मिटायची, दिवाळीला बाबा लिंपून घ्यायचे आणि आई वर कॅलेंडर टांगायची. तिथं आम्ही कापूस भरायचो, माणूस कधी झोपवला नाही. एका मे महिन्यात छताचा तुकडा कापसावर पडला होता. आई दिवसभर जेवली नाही.

गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून गल्लीतला कोणी ते घर घेईना.

आईबाबा गेले. नागपूरहून माझा भाऊ आला, पौषात भेग भरली, घर रंगवलं आणि नवं कॅलेंडर टांगलं. मला म्हणाला, “कोनी इचारलं त सांगजो. नाई त तोंड नको उघडजो.” मी काही हरिश्चंद्र नव्हते. मलाही ते घर एकदाचं डोक्यावरून उतरवायचं होतं.

मग ते जोडपं आलं. ती हिंगणीच्या शाळेत शिकवायची. खांद्यावर चार महिन्यांची पोरगी, सोबत सासू-सासऱ्यांना ठेवायचा विचार. नवरा माझ्या भावासोबत बोअर पाहायला गेला आणि ती मागच्या खोलीत शिरली. वर कडी पाहून खूश झाली. “मावशी, इथं पाळणा बांधू. हवा बी छान येऊन राह्यली.”

आणि मी काय बोलले? “चहा टाकते हं!”

परत आले तेव्हा ती कॅलेंडरापाशी उभी होती. तारीख पाहत असेल, असं मी मनाला समजावलं. महिन्याभरात रजिस्ट्री झाली.

होळी पेटली आणि माझा धीर सुटला. वर्ध्याला माझ्या घरी ऊन तापायला लागलं की हात भाकरीवर आणि जीव त्या भिंतीत. शेवटी एका दुपारी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. “बाई, त्या खोलीखाली बुजवलेली विहीर आहे. पोरीला तिथं झोपवू नको, तुझ्या पाया पडते.”

तिकडे कुकरची शिटी झाली.

“भेग मले ठाऊक होती, मावशी. कॅलेंडर मी त्याच दिवशी उचलून पाह्यलं. पुट्टी ओली होती.”

“मग काऊन घेतलं, माय?”

“सात घरं पाह्यली आम्ही. बुद्धाची मूर्ती कुठं ठेवू म्हटलं, का आडनाव सांगितलं, का घर कालच इकलेलं राहे. तुमच्या भावानं कायीच इचारलं नाई. वाटलं, काळ्या मातीत भेगा त सगळ्याच घराले पडतात. विहिरीचं कोणी सांगितलं नाई.”

भाऊ काहीच विचारत नव्हता, कारण त्याला काहीच न विचारणारं गिऱ्हाईक हवं होतं. मला स्वतःची किळस आली.

“किती मोठी होते भेग?” तिनं विचारलं.

“वैशाखात हात जातो.”

मग फोन आदळल्याचा आवाज आला, धावती पावलं, पाळण्याची कडी करकरली. फोन परत उचलला गेला तेव्हा झोपमोड झालेली पोरगी अगदी कानाशी रडत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “माझा हात भेगेत आत्ताच गेला.”