दगडू मुलान्याची कसम

दगडू मुलान्याएवढा साफ हात प्रवरंच्या काठाला दुसरा न्हवता. मरीआईच्या जत्रंला गावाची बोकडं त्योच कापायचा. दुसऱ्यानं कापलेलं मटन पाटील तोंडात घालायचा न्हाई. त्यावरच दगडूला खळ्यावर बलुत्याचं धान्य मिळायचं, बापजाद्यापासनं.

बेचाळीसच्या फुडं-मागं मशिदीत नवा मौलवी आला. म्हनला, "देवीच्या नवसाचं बोकड कापतो त्यो मुसलमान न्हाई."

"मी बिस्मिल्ला म्हनून कापतो, मौलवीसाब," दगडू म्हनला. "देवी त्यांची, सुरी माझी."

लोकं हसली. धाकटा भाऊ लाडले तेवढा हसला न्हाई.

पावसाळ्यात दगडूची थोरली लेक शहाजान तापानं गेली. कफन घालून अंगनात ठिवली, पर मौलवीच्या बोलण्यापायी जमातीतलं कुनी खांद्याला येईना. लाडले दाराशी आला. "भाई, आधी मशिदीत चल. सुरी सोडल्याची कसम खा. मग उचलतो."

दगडूची बायको मालनबी आतनं म्हनली, "मयत अडवायचं कुठल्या किताबात हाय रं, लाडले? दाखव की."

लाडलेला वाचताच येत न्हवतं. पोरीच्या तोंडावर माश्या बसाया लागल्या, तसा दगडू उठला अन् कसम खाऊन आला.

चैतात जत्रा आली. दगडू गेला न्हाई, म्हनून पाटील सोता दारात आला.

"तुझ्या आज्यानं कापलं, बापानं कापलं. तुलाच कुठनं देव भेटला रं?"

"लेकीच्या मयतावर कसम खाल्लीया, पाटील."

"मग कसमच खा. बलुतं बंद."

दगडूला वाटलं, दुसरा मुलानी हाय कोन? झक मारत येतील. तर दुसऱ्या दिशी देवळाम्होरं सुरी घेऊन लाडले हुबा.

दगडू तडक मौलवीकडं गेला. मौलवी नमाजाआधी वजू करत हुता. म्हनला, "जत्रा झाली की तौबा करनार हाय त्यो."

"अन् फुडच्या जत्रंला?"

मौलवीनं तोंडावर पानी मारलं.

तिकडं लाडलेचा हात कच्चा. पयलंच बोकड अर्धवट कापलेलं सुटलं, रगत सांडत देवळाभवती पळालं. त्यो घामाघूम होऊन भावाच्या दारात आला. "भाई, कापू नगंस. नुसतं पाय धर. धरायची कसम न्हाई तुझी. माझ्या बलुत्यातलं मूठभर दानं देईन."

दगडूनं मालनबीकडं बघितलं. "जावा," ती म्हनली. "ऱ्हायलेली पोरं काय खातील?"

दगडू गेला. गुडघ्याखाली बोकड दाबून बसला. लाडलेनं सुरी घासली, परत घासली. जनावर लई वरडलं.

"घट्ट धर की, दगडू," पाटील म्हनला. "धाकटा शिकतुया."

दगडूनं घट्ट धरलं.