आधी स्वतःला, मग दुसऱ्याला

'साडेसात' हे नाव त्याला दुसऱ्या कुणी ठेवलं नाही, त्यानेच ठेवून घेतलं. कापडाच्या कारखान्यात लागून सहा महिने होतात न होतात, तोच मागाच्या पट्ट्याने डाव्या हाताची अडीच बोटं नेली. बँडेज गुंडाळून परत कामावर आला, तर सगळं खातं माना खाली घालून उभं. शेवटी यानेच हात वर धरला. "मोजून घ्या रे! साडेसात उरलीत. उद्या आणखी कमी भरली, तर तुमच्यावर आळ!"

खातं हसलं. तो दिवस निभावला. आणि गडी तेव्हापासून जो सुटला तो सुटलाच.

कुणी निवृत्त होवो, साडेसातच्या नकला झाल्याशिवाय निरोपाचा चहा फिरत नसे. सुरुवात नेहमी घरून. "मी हात हलवून निरोप दिला की पाहुणे विचारतात, अडीचला यायचं का परत?" मग मुकादमाचं टक्कल, कारकुनाचं पोट, वॉचमनचं घोरणं. मुकादम एकदा भडकला, तर याचं उत्तर तयार. "मी आधी स्वतःला सोलतो, मग दुसऱ्याला. सोललेल्या माणसाला सगळं माफ असतं, मुकादम."

आणि नकलांत सगळ्यात शेवटी कांडीवाली मावशी. सुताच्या भरलेल्या कांड्या मागामागावर पोचवायचं तिचं काम. बोलताना अडखळायची बिचारी. पण खात्यात ते कुणाला कळायचंच नाही. मागांच्या खडखडाटात तोंडाचं ऐकू येतं कुणाला? तिथे सगळे हातांनीच बोलत. तार तुटली, कांडी संपली, साहेब आला, काल सुनेने काय ऐकवलं, सगळं बोटांवर. त्यात मावशीचा हात कुणी धरत नव्हतं. तिचे हात भांडायचे, चिमटे काढायचे, लांबून आख्ख्या रांगेला हसवायचे. भोंगा झाला, माग थांबले, की मावशी गप्प.

मावशीचा शेवटचा दिवस आला. आठवडाभर आधीच तिने साडेसातला गाठून सांगितलं होतं, "या-या वेळी मी बो-बोलणार. चारच ओळी. लेक येतेय ऐ-ऐकायला. आरशापुढं म-महिनाभर घोकतेय."

"बोला की मावशी! तुम्ही नाही तर कोण?" तो म्हणाला, आणि विसरलाही.

पहिली पाळी सुटल्यावर सगळे कँटीनमध्ये जमले. साडेसात लेकीच्या शेजारीच बसला होता. त्याचा नंबर मावशीच्या आधी लागला. बोटं झाली, टक्कल झालं, पोट झालं. मग त्याने कमरेवर कांड्यांची टोपली धरली, मान वाकडी केली. "मा-मा-मागवाले, तुमची कां-कां-कांडी..." थांबला. "जाऊ द्या, पाळी संपली!"

कँटीन डोक्यावर घेतलं लोकांनी. तो परत लेकीशेजारी येऊन बसला. दरवेळी मावशी तोंडावर हात ठेवून हसायची. आज तिच्या हातात कागद होता.

ती उठली. "मी... मी..."

"मी-मी-मी!" मागून कुणीतरी सूर लावला. हुबेहूब साडेसातचा.

मावशीने कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मग दोन्ही हात वर केले. सगळ्या माना तिच्या हातांकडे वळल्या. तिने डाव्या हाताची अडीच बोटं दुमडली आणि तो हात साडेसातकडे केला.

हशा फुटला. साडेसातला मात्र कुणीतरी मुस्काटात मारावी तसं झालं. या बोटांवर त्याने स्वतः हजार वेळा हशा मिळवला होता. मग कानशिलं का तापली? हात आपोआप खिशात गेला.

लेकीने त्याच्या बाहीला हात लावला. "काका, काय म्हणतेय आई? मला हातांचं नाही कळत हो."

सगळे त्याच्याकडे बघत होते. सांगणं भाग होतं.

"म्हणते... तीस वर्षं कांड्या पुरवल्या. एक माग माझ्यापायी थांबला नाही." मावशीचे हात चालूच. "म्हणते, हे मला माझ्या लेकीला तोंडानं सांगायचं होतं."

"आणि?"

"म्हणते, यानं स्वतःची बोटं चेष्टेला दिली. ती त्याची होती."

मावशीने ओठांना बोट लावलं, मग रिकामा तळवा त्याच्यापुढे धरून हलवला. त्याला कळलं.

"काका?"

"मा... मा-माझी जीभ..." शब्द खरंच अडला, पुढे सरकेना. "मा-माझी जीभ मी याला कधी दि... दिली नव्हती."

मागच्या बाकावर कुणीतरी खो खो हसलं. त्याला वाटलं, साडेसातने मावशीची नक्कल पुन्हा सुरू केली.