पुसलेला निळेपणा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी पालघरच्या कॉलेजात मॅडमनी आम्हाला एकेक कुंडी दिली. माझ्या वाट्याला निळसर पानांचं, गवतासारखं दिसणारं शोभेचं झाड आलं. ते एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं आणि फार कमी पाण्यात तगतं, असं म्हणतात. किती कमी, ते मला उन्हाळ्याचे दोन महिने घरी ठेवून बघायचं होतं. आमच्या बेटेगावात गवत कुणी लावत नाही, उपटतात. शेजारच्या काकांनी विचारलं, हे गुरं खातात का? नाही म्हटल्यावर त्यांचा कॉलेजवरचा विश्वास थोडा कमी झाला असावा.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगेन ते निमूट पाळलं जायचं. मी आईला बजावलं, या कुंडीला तू पाणी घालायचं नाही, मीच मोजून घालीन. का, ते सांगितलं नाही. तिला कळायचं नाही असं मला वाटलं. मलाही ते नीट सांगता आलं असतं का, शंकाच आहे.

दर शनिवारी मी फोटो काढायची, नोंदी करायची. पाचव्या आठवड्यापर्यंत निळेपणा उतरून पानं साधी हिरवी दिसू लागली. मी हरखले. पाणी कमी पडलं की हे झाड रंग सोडतं, असा निष्कर्ष काढून त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. पुस्तकात उलटं होतं, कोरड्यात निळेपणा वाढतो म्हणून. पुस्तकात आपल्याकडच्या हवेचा विचार झालेला नसावा, असं मी नम्रपणे नोंदवलं. मॅडमना ते वेगळं वाटलं. विभागाच्या प्रदर्शनात मांडू, म्हणाल्या. आईने ही बातमी आळीभर पोचवली.

एरवी मी पहाटेच घर सोडते. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी सुट्टी होती, म्हणून उशिरा उठले. मागच्या दारी आई कुंडीपुढे उकिडवी बसली होती. बाबांच्या जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक पान बुडापासून टोकापर्यंत पुसत होती. आमच्याकडे कारखान्यांच्या बाजूने वारा आला की पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर बारीक भुकटी बसते. खिडकी, टाकीचं झाकण, तुळस, आई रोज सगळं पुसते. मी विचारलं, हे काय करतेस?

"निळी पावडर बसते गं यावर. बाबांच्या नखांत असते ना, तशीच. रोज पुसलं तेवा कुठं खालचा हिरवा रंग दिसाया लागला."

"या कुंडीचं मी सांगितलं होतं ना तुला?"

"पाणी घालू नको बोललीस. घातलं नाय. कोरड्या फडक्यानंच पुसते."

बाबा रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण पानांवरचा तो निळेपणा म्हणजे मेणाचा पातळ थर असतो. आतलं पाणी उडू नये म्हणून झाडच तो तयार करतं. घासला की निघतो. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण माझ्याच प्रस्तावनेत ते लिहिलेलं होतं. प्रस्तावना मी उतरवून काढली होती.

हे कुणाला सांगूच नये, असंही दिवसभर मनात येत होतं. प्रकल्पाचं बाइंडिंग झालेलं होतं. मॅडम खूश होत्या. आईला तर वाटत होतं, तिच्या पुसण्यामुळेच झाड प्रदर्शनात चाललंय. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. तिने फडक्याची घडी घातली.

"म्हंजे ते त्याचं सोताचं होतं?"

"हो."

"मग आदीच सांगायचं होतंस. मला काय कळलं नसतं?"

तिने कुंडी पुढे ओढली. मधली कोवळी पानं ती पुसत नव्हती, मोडतील म्हणून. ती तीन पानं चांगली निळी होती.

मॅडमनी ऐकून घेतलं, प्रदर्शनाच्या यादीतून माझं नाव काढलं आणि ते प्रकरण नव्याने लिहायला सांगितलं. त्यासाठी मी वही घेऊन आईपुढे बसले. कधीपासून पुसलं, कुठली पानं, किती वेळा. ती सावकाश सांगत होती आणि मी लिहितेय ना, ते बघत होती. शेवटी तिने विचारलं, यात माझं काय लिवणार? मी म्हटलं, 'घरातील एका व्यक्तीने' असं लिहायची पद्धत आहे.

"व्यक्ती कशाला? आई लिव."

मी आई लिहिलं. मॅडमनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली, पण तो खोडला नाही. मार्क बेताचेच पडले.