बंदुकीसमोरची खुर्ची

आमच्या घरी एखादी खरी गोष्ट बुडवायची असेल तर ती मला सांगायला द्यावी. मी तिला इतके हातवारे आणि इतके आवाज जोडतो की ऐकणारा पोट धरून हसतो आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवत नाही. बारसं असो की तेरवी, चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ते बंदुकीचं सांग ना गा." मग मी चष्मा खिशात ठेवतो आणि सुरू होतो.

बंदूक आजोबांची, ठासणीची. नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे आत ठासायचे आणि मागच्या बारीक छिद्राला विस्तव दाखवायचा. त्या छिद्राला आमच्याकडे 'कान' म्हणतात. कन्हानकडच्या आमच्या शेतात रानडुकरं यायची, त्यांच्यासाठी ती होती. पुढे गावचं घर विकलं, काका गेले, आणि काकू ती बंदूक घेऊन नागपुरात बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. लायसन काकांबरोबरच संपलं होतं. बंदूक पोलिसांत जमा करायला हवी हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी फिरायला जायला हवं हेही मला ठाऊक आहे.

गोष्ट अशी. आजोबांचा धाकटा भाऊ बारूद घरीच करायचा. आमच्या पूर्वजांपैकी कुणी भोसल्यांच्या तोफखान्यात होतं म्हणतात. नागपुरात प्रत्येकाचाच पूर्वज तोफखान्यात होता, भाजी विकणारा कुणाचाच नव्हता. पण या धाकट्याच्या हातात ती विद्या होती एवढं खरं. गोठ्याच्या भिंतीला फुटणारा पांढरा खार तो खरवडून आणी. बाजारातून गंधक येई. कोळसा तो स्वतः पाडे. बाकी कुणाला काही सांगत नसे. शेताच्या टोकाला त्याची झोपडी होती. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, करगोट्याची चांदीची घुंगरंसुद्धा उतरवायची. तिथं कुणी बिडी ओढायची नाही, धातूवर धातू लागू द्यायचा नाही.

एका दुपारी आभाळ स्वच्छ असताना गडगडलं. लोक पाऊस येतो का पाहायला बाहेर आले. पाऊस नव्हता. झोपडीला छप्पर नव्हतं. शेजारच्या निंबाची एका बाजूची पानं काळी झाली होती आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं. कशानं झालं ते कळलं नाही. कोळशात एखादा खडा आला असेल, कुटताना ठिणगी पडली असेल, लोक म्हणाले. दाराशी त्याच्या चपला तेवढ्या होत्या, जोडून ठेवलेल्या, जशा त्यानं काढल्या तशाच.

आजोबांनी त्याच सकाळी त्याच्या हातच्या बारुदीनं बंदूक भरली होती. ती त्यांनी पुन्हा उडवली नाही आणि रिकामीही केली नाही. भावाच्या हातचं शेवटचं तेवढंच उरलं होतं. खुंटीला टांगली ती टांगलीच.

लहानपणी मी झोपडीच्या त्या जागेवर उभा राहून टाळी वाजवून पाहिली आहे. टाळी ऐकू यायची, पण हात मिटल्यावर जरा वेळानं. आता हे मीच सांगतोय म्हटल्यावर तुम्ही सोडून द्याल.

गोष्टीच्या शेवटी मी आवाज घोगरा करून म्हणायचो, "आणि मंडळी, म्हातारी अजून भरलेली आहे!" आणि टेबलावर थाप. बायका किंचाळायच्या, मग सगळे हसायचे. काकू तेवढी हसायची नाही. "भरलेलीच आहे गा ते," ती म्हणायची. "मी सासूच्या तोंडून ऐकलं." त्यावर आणखी हशा. काकूचं ते वाक्य मी पुढे गोष्टीतच घेतलं, तिच्या आवाजासकट.

दसऱ्याला आम्ही बंदुकीची पूजा करतो. गावात तिचं तोंड भिंतीकडे असे. फ्लॅटमध्ये भिंतीला टीव्ही आहे, म्हणून मी पाट असा मांडू लागलो की तोंड सोफ्याकडे येई. सोफ्यावर कुटुंब, पुढे झेंडूच्या माळेतली बंदूक. फोटो छान येई. फक्त दर वर्षी काकू आपली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणी आणि नेमकी बंदूक आणि सोफ्याच्या मधे बसे. "काकू, बाजूला हो ना, फोटोत फक्त तू येतेस," मी म्हणायचो. "येऊ दे," ती म्हणायची. मग मी तिला कापून उरलेला फोटो ग्रुपवर टाकायचो.

यंदा उदबत्तीचं घर सापडेना. पाटावर माझा लॅपटॉप होता, बायकोचा मिक्सर होता, स्कूटरची किल्ली होती, बंदूक होती. उदबत्ती खोचायला जागा नव्हती. मग मला बंदुकीचा कान दिसला. काडी अशी बरोबर बसली की जणू त्यासाठीच छिद्र पाडलं होतं. मी स्वतःवर इतका खूश झालो की मुलीला हाक मारली. ती नळीच्या तोंडाशी मांडी घालून बसली आणि भोवती फुलं लावू लागली.

काकू आतून आली. तिला आधी मुलगी दिसली, मग तो धूर.

"पोरी, उठ वं तिथून."

"आजी, एकच फूल राहिलं."

"उठ!"

काकूचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलगी उठली. काकू तिच्या जागी उभी राहिली, वाकली आणि जळतं टोक दोन बोटांत धरून विझवलं. निखारा काडीवरून कानाकडे अर्ध्याहून जास्त उतरला होता. मिक्सर, लॅपटॉप, फुलं सगळं जिथल्या तिथं होतं. आणि खोलीत एवढी शांतता झाली, की मला ती ओळखीची वाटली. हात मिटल्यावरची, टाळी ऐकू येण्याआधीची.

"काहून लावली तिथं?" काकू म्हणाली. "तिच्या कानाशी विस्तव न्यायचा नसते."

"अगं पण काकू, ती गोष्ट..."

"गोष्ट तुही आहे. आतली बारूद त्याची आहे."

मी पडद्याचा स्टीलचा गज काढून आणला, नळी किती खोल आहे पाहायला. काकूनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "लोखंड नको. पोट्ट्या, येवढ्या डाव ते गोष्ट सांगतं अन् ऐकत नाही काय स्वतःच?" मग मच्छरदाणीची वेताची काठी आली. काकूनं सगळ्यांना जिन्यात पाठवलं, नळीचं तोंड गॅलरीबाहेरच्या रिकाम्या प्लॉटकडे केलं, मला बाजूला उभं केलं. काठी आत गेली आणि थांबली. बाहेर काढून नळीला लावून पाहिली. कानाच्या वीतभर अलीकडेच थांबत होती.

आत काहीतरी बसलं होतं.

काकूनं तांब्याभर पाणी आणून हळूहळू नळीच्या तोंडातून ओतलं, पोराला न्हाऊ घालावं तसं. मग मी ठाण्यात फोन केला. आलेल्या माणसांनी बंदूक दूर मोकळ्या जागी नेऊन उघडली. संध्याकाळी त्यांच्यातला एक सांगायला आला. पाणी वरच्या थरापर्यंतच पोचलं होतं, म्हणाला. तळाची बारूद कोरडी होती, काल केल्यासारखी. "कोरडी राह्यली तर हिले वय नसते साहेब."

"आवाज झाला काय?" काकूनं विचारलं.

"नाही आजी. सगळी पाण्यात विरघळवली."

"बरं झालं," काकू म्हणाली, आणि बराच वेळ हातातलं आपट्याचं पान उलटसुलट करत राहिली.

तो गेल्यावर मी फोनमधले जुने फोटो काढले. कापायच्या आधीचे अजून होते. प्रत्येक दसऱ्याला आम्ही सोफ्यावर दात काढून हसतोय, आणि आमच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून, बंदुकीकडे तोंड करून काकू बसली आहे.

मान वर केली तर काकू खुर्ची ओढत होती. ती तिनं खिडकीशी नेली, वाऱ्याला.

"काकू, तिकडे काहून?"

"आता कुठंबी बसता येते ना गा," ती म्हणाली.