स्टिकरची बाजू

शेलूबाजारात तो नेहमी मोटारसायकलवर दिसायचा. मागे निळा डबा असे आणि त्यात क्षयाच्या तपासणीसाठी गावोगावहून आणलेले थुंकीचे नमुने. डबा खाली ठेवला की तो आधी स्टिकरची बाजू समोर फिरवी. त्यावरचे, मदत देणाऱ्या परदेशी सरकारचे नाव कामाच्या प्रत्येक फोटोत दिसलेच पाहिजे, असा नियम होता.

त्या सरकारने मदत थांबवली आणि याची नोकरी गेली. शेवटचा आदेश आला, स्टिकर काढा. त्याने ते ब्लेडने खरवडले.

दुसऱ्या दिवशी तो आसेगावच्या एका म्हातारीचा नमुना घेऊन आमच्या दवाखान्यात हजर होता.

"आता कायले फिरून राह्यला?" मी विचारले.

"मदत बंद झाली, भाऊ. बुढीचा खोकला कुठी बंद झाला?"

त्याने डबा टेबलावर ठेवला आणि सवयीने फिरवून खरवडलेली बाजू समोर केली.