पाटीवर एवढंच लिहिलं होतं

माझा आवाज असा, की मी आष्ट्यात शिंकलो तर कराडच्या संगमावरचे बगळे उडतात. त्यामुळं गेल्या साली कराडच्या मंडळींनी जुना मूकपट दाखवायचं ठरवलं, तेव्हा मलाच बोलावलं. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवणार, मधून मधून इंग्रजी पाट्या येणार आणि मी त्या माईकवरून मराठीत सांगायच्या. पाट्या म्हणजे माझाच धंदा. कॉलेज सुटल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवतोय. गिऱ्हाइकानं लिहून दिलेला काना-मात्रा बदलायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

भर दुपारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. पिक्चर एका चित्रकाराचा. तो एका बाईचं चित्र काढता काढता तिच्यावर जीव टाकतो, ती मात्र एका शिपायाच्या प्रेमात. मी रंगात आलो. शिपाई दिसला रे दिसला की म्हणायचो, "आलं बघा मिशांचं पोतं!" लोक खुर्च्यांवरून खाली पडत होते.

पहिल्या रांगेत ती बसली होती. कॉलेजात माझ्या वर्गात होती, आता कराडात इंग्रजी शिकवते. शेजारी तिचा नवरा, वडूजकडचा, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला.

इथं एक कबूल करायला हवं. कॉलेजात मी तिचं चित्र काढून तिला दिलं होतं आणि विचारलं होतं. ती म्हणाली, "न्हाई." बास, एवढंच. पण मी टपरीवर सांगायचो, की ती ढसाढसा रडली, तिच्या आसवांनी माझे रंग पातळ झाले, घरच्यांनी फौजी बघितला म्हणून तिचा नाइलाज झाला. तीस वर्षांत ही गोष्ट इतकी फुगली, की आष्ट्याहून कराडपर्यंत पोचली आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांना पाठ होती.

पडद्यावर चित्रकारानं बाईचा हात धरला. तिनं ओठ हलवले. पाटी आली. मी ती वाचली, मला ती नीट समजली, आणि तरी गळा दाटून आणत माईकवर म्हणालो, "माझा जीव तुझ्यातच हाय रं! पर घरच्यांपुढं माझं काय चालतंय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर तुझीच ष्टोरी की गड्या!"

हॉल खदखदला. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मान वळवून बायकोकडं बघितलं.

ती उठली. लॅपटॉपवाल्याला म्हणाली, "ती पाटी परत लावा." त्यानं लावली. वर्गात सांगावी तशी तिनं ती मराठीत सांगितली, "'मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नाही.' एवढंच लिहिलंय." मग माझ्याकडं वळली. "मीपण तवा एवढंच म्हणाले होते. सांग माईकवर."

ही बाई बाजारात जात असेल, शाळेत जात असेल, आणि दर वेळी कुणीतरी मागं हसत असेल, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी "व्हय" म्हणालो. बगळे उडवणारा माझा आवाज, हातात माईक असून दुसऱ्या रांगेपर्यंत पोचला नाही.

"मोठ्यानं," सुभेदार शांतपणे म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

"ती न्हाई म्हणाली होती," मी म्हणालो. "बाकी सगळं मी रचलं."

उरलेल्या पाट्या मी शब्दाला शब्द वाचल्या, मान वर न करता. पिक्चर संपल्यावर ती दोघं माझ्यासमोरून गेली.

आता आष्ट्यात टपरीवर बसलो की जुने दोस्त विचारतात, "गड्या, ती रडली त्ये सांग की."

"रडली न्हाई."

"मग रंग कशानं पातळ झालं रं?"

"टर्पेंटाइनानं," मी म्हणतो आणि चहा संपवायला घेतो.